ओमेगा शाखेच्या भगिनी

ग्रीक वर्णमालेत अल्फा हे पहिले अक्षर आणि ओमेगा हे शेवटचे. आपण 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत म्हणतो, तसेच हे. अमेरिकेतील विद्यार्थिनींच्या काही संघटना आपल्या शाखांना या ग्रीक अक्षरांची नावे देतात. पहिली शाखा अल्फा, दुसरी बीटा, तिसरी गॅमा असा क्रम चालतो, आणि अक्षरे संपली म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून पुढील नावे ठरवितात. परंतु कृष्णवर्णीय स्त्रियांच्या 'डेल्टा सिग्मा थीटा' या संघटनेत ओमेगा हे नाव कोणत्याही गावच्या वा विद्यापीठाच्या शाखेस दिले जात नाही. ती शाखा दिवंगत सभासदांची आहे. एखादी सभासद मरण पावली म्हणजे तिचे नाव पटावरून कमी झाले, असे तेथे म्हणत नाहीत. ती ओमेगा शाखेत गेली, असे म्हणतात.

कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर हा बदलीचा शेरा झाला. एका शाखेच्या पटावरून नाव निघाले आणि दुसरीच्या पटावर चढले. सभासदत्व मात्र अखंड राहिले. मृत्यूची अशी नोंद करण्याची गरज या स्त्रियांना का वाटली, हे समजण्यासाठी त्यांच्या संघटनांचा आणि त्यांच्या समाजाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

या संघटनांना इंग्रजीत सोरोरिटी म्हणतात. लॅटिन भाषेत 'सोरॉर' म्हणजे बहीण; त्यावरून हा शब्द आला. मराठीत त्याला भगिनीसंघ म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गौरवर्णीय विद्यार्थिनींनी असे संघ स्थापन केले. त्यांत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली स्थापन झाले आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलाबाळांसाठी उच्च शिक्षणाचे ते एक मोठे केंद्र बनले. तेथे १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने नऊ तरुणींनी 'अल्फा कॅपा अल्फा' हा संघ काढला. कृष्णवर्णीय महाविद्यालयीन स्त्रियांचा हा पहिला भगिनीसंघ होय. १३ जानेवारी १९१३ रोजी त्याच विद्यापीठात बावीस विद्यार्थिनींनी 'डेल्टा सिग्मा थीटा'ची स्थापना केली. १९२० मध्ये तेथेच पाच जणींनी 'झीटा फाय बीटा' हा तिसरा संघ काढला, आणि १९२२ मध्ये इंडियानापोलिस शहरात सात शिक्षिकांनी 'सिग्मा गॅमा ऱ्हो' हा चौथा संघ सुरू केला.

या संघांचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. महाविद्यालय सुटले की संघ सुटला, असे येथे होत नाही. पदवी घेतल्यावर सभासद आपल्या गावच्या पदवीधरांच्या शाखेत दाखल होते आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत तेथे काम करीत राहते. ज्या स्त्रीने विसाव्या वर्षी दीक्षा घेतली, तिचा आपल्या भगिनींशी संबंध पुष्कळदा साठ वर्षांचा असतो. त्या एकमेकींना आजही 'सोरॉर' असेच संबोधितात.

हा संबंध केवळ संमेलने आणि मेजवान्या यांवर टिकलेला नाही. सेवा हे या संघांनी आपले ध्येय ठरविले. त्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९३५ साली अल्फा कॅपा अल्फाने मिसिसिपी राज्यात एक आरोग्य मोहीम सुरू केली. तिची कल्पना कॅलिफोर्नियातील शिक्षिका आयडा जॅक्सन यांची आणि वैद्यकीय नेतृत्व डॉ. डोरोथी फेरेबी यांचे. कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना डॉक्टर ठाऊक नव्हता. मळेवाले आपल्या मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात. तेव्हा या स्त्रियांनी आपल्या मोटारींचेच फिरते दवाखाने केले आणि त्या मळ्यांवर जाऊन मुलांना देवी आणि घटसर्प यांच्या प्रतिबंधक लसी टोचू लागल्या. १९४२ पर्यंत हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत चालले. धुळीच्या रस्त्यांवर ज्यांनी एकमेकींच्या सोबतीने असे दिवस काढले, त्यांच्यातील एक निवर्तली म्हणजे उरलेल्यांना आप्त गेल्याचे दुःख व्हावे, हे स्वाभाविक आहे.

परंतु दुःख सर्वांनाच होते. येथे प्रश्न नावाचा आहे. १८५० आणि १८६० या दोन वर्षांच्या अमेरिकन जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याच्यापुढे गुलामांचे वय, लिंग व वर्ण यांचे रकाने असत. गुलामाच्या नावासाठी रकानाच नव्हता. 'स्त्री, वय ३०, वर्ण काळा' एवढ्यावर एका जन्माची नोंद संपत असे. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, आणि १८७० च्या जनगणनेत या सर्व माणसांची नावे प्रथमच इतर नागरिकांप्रमाणे लिहिली गेली. आपल्या घराण्याचा शोध घेणारी कृष्णवर्णीय कुटुंबे आजही त्या वर्षापाशी येऊन अडतात. त्यांच्यात '१८७० ची भिंत' असा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. अल्फा कॅपा अल्फाची स्थापना झाली तेव्हा गुलामगिरी संपून अवघी ४३ वर्षे झाली होती. ज्या समाजाच्या आज्या-पणज्यांची नावे सरकारी दप्तरात नव्हती, त्या समाजाच्या मुलींनी आपला पट काळजीपूर्वक राखावा आणि मृत्यूनंतरही त्यावरील नाव खोडू नये, याचे मर्म येथे सापडते.

भगिनीसंघांच्या पूर्वीही या समाजातील स्त्रियांनी आपल्या मृतांची व्यवस्था स्वतः पाहिली होती. मजुरी करणाऱ्या, धुणी धुणाऱ्या बायका एकत्र येऊन थोडी-थोडी वर्गणी जमवीत. त्या निधीतून आजाऱ्याला मदत मिळे आणि मेलेल्याला सन्मानाने मूठमाती. व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल गावी 'डॉटर्स ऑफ झायन' या स्त्रियांच्या मंडळीने १८७३ साली स्वतःची दफनभूमी उभारली. शहरात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळे पुरावे लागे. त्या वेगळेपणातही आपली जागा आपल्या मालकीची असावी, ही त्यांची इच्छा होती. योगायोग असा की, त्याच १८७३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. दास्य संपल्यानंतरचे जिणे त्या मुक्त माणसांच्या वाट्याला कसे आले, याची एक खूण शार्लट्सव्हिलच्या या दफनभूमीत आहे. अशा अनेक जुन्या दफनभूमी पुढे दुर्लक्षित राहिल्या. त्यांच्या जतनासाठी अमेरिकन काँग्रेसने २०२२ साली स्वतंत्र कायदा केला.

आता प्रत्यक्ष विधीकडे वळू. डेल्टा सिग्मा थीटाच्या अंत्यविधीला 'ओमेगा ओमेगा' असे नाव आहे. कुटुंबाची संमती घेऊन शाखेच्या सभासद दफनापूर्वी एकत्र जमतात आणि दिवंगत भगिनीला निरोप देतात. विधीतील शब्द संघाबाहेर प्रसिद्ध केले जात नाहीत, आणि बाहेरच्याने त्यांची चौकशी करू नये हेच उचित. चर्चमधील प्रार्थना धर्मोपदेशक म्हणतो, कुटुंबाचे दुःख कुटुंब व्यक्त करते. हा तिसरा विधी भगिनींचा असतो. प्रख्यात गायिका अरीथा फ्रँकलिन या डेल्टाच्या सन्माननीय सभासद होत्या. १६ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. डेट्रॉइटच्या चार्ल्स राइट संग्रहालयात त्यांचा देह लोकांच्या दर्शनासाठी ठेवला होता. २८ ऑगस्टच्या सायंकाळी तेथेच संघाच्या भगिनींनी ओमेगा ओमेगा विधी केला. त्या दिवशी त्यांच्या अंगावर तांबडा पोशाख होता, आणि किरमिजी हा डेल्टाचा रंग असल्याने पुष्कळांनी त्यात संघाची खूण ओळखली. जगप्रसिद्ध गायिकेला जो विधी लाभला, तोच एखाद्या लहान गावातील निवृत्त शिक्षिकेलाही लाभतो.

अल्फा कॅपा अल्फाची परिभाषा वेगळी आहे. आयव्ही ही भिंतीवर चढणारी सदाहरित वेल त्या संघाचे चिन्ह. संघाच्या मुखपत्राचे नावही 'आयव्ही लीफ', म्हणजे आयव्हीचे पान. दिवंगत सभासदेला तेथे 'भिंतीपलीकडील आयव्ही' असे म्हणतात. वेल वाढत वाढत भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे उतरते. इकडे उभे असलेल्याला पलीकडची पाने दिसत नाहीत, परंतु मूळ आणि खोड एकच असते. हे रूपक उलगडून सांगावयाचे झाले तर असे सांगता येईल. दोन्ही संघांच्या भाषेत एक गोष्ट समान आहे. मरण पावलेल्या स्त्रीला काहीतरी स्थान दिले आहे, मग ते शाखा असो वा भिंतीची दुसरी बाजू असो. ती 'होती' असे न म्हणता ती 'अमुक ठिकाणी आहे' असे म्हणता यावे, अशी ही योजना आहे.

समाजाने नाकारलेले स्थान किती मोलाचे असते, हे या संघांच्या दोन सभासदांच्या मृत्यूवरून कळून येते. त्यांतील पहिली हॅटी मॅकडॅनियल. ही अभिनेत्री सिग्मा गॅमा ऱ्होची सभासद होती. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातील दाईच्या भूमिकेसाठी १९४० साली तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या समारंभातही तिला आपल्या सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसावे लागले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी ती निवर्तली. हॉलिवूडच्या दफनभूमीत, चित्रसृष्टीतील आपल्या सहकाऱ्यांजवळ विसावा मिळावा, ही तिची अखेरची इच्छा होती. ती वर्णाच्या कारणाने नाकारण्यात आली आणि लॉस एंजेलिसमधील रोझडेल दफनभूमीत तिला पुरण्यात आले. १९९९ साली हॉलिवूडच्या त्या जागेच्या नव्या मालकाने तिचे अवशेष तेथे आणण्याची तयारी दर्शविली; कुटुंबाने ती नाकारली, तेव्हा तेथे तिच्या नावाचे एक स्मारक उभारण्यात आले. तिने आपले ऑस्कर पारितोषिक मृत्युपत्राने हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते. ते पुढे गहाळ झाले. २०२३ मध्ये त्याची दुसरी प्रत समारंभपूर्वक विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आली.

दुसरी लेखिका झोरा नील हर्स्टन. हॉवर्डमध्ये शिकत असता ती झीटा फाय बीटाची सभासद झाली. पुढे ती कादंबरीकार आणि लोककथांची संग्राहक म्हणून नावारूपाला आली. ११ जून १९४५ रोजी तिने थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना एक पत्र लिहिले. फ्लोरिडात शंभर एकर जमीन घेऊन कृष्णवर्णीयांतील नामवंतांसाठी एक दफनभूमी करावी, म्हणजे अखेरच्या दिवसांत कोणी कितीही निर्धन झाला तरी तो विस्मृतीत पडून राहणार नाही, अशी तिची सूचना होती. ड्यू बॉइस यांनी ती उचलून धरली नाही. पंधरा वर्षांनी, २८ जानेवारी १९६० रोजी, फ्लोरिडातील फोर्ट पियर्स येथे हर्स्टन स्वतः निर्धन अवस्थेत वारली. अंत्यविधीसाठी लोकांनी वर्गणी काढली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. १९७३ साली तरुण लेखिका ॲलिस वॉकर गवताने माजलेल्या त्या दफनभूमीत गेली, अंदाजाने थडग्याची जागा ठरविली आणि तेथे नाव कोरलेला दगड बसविला. जे संकट आपल्या समाजातील थोरांवर येईल अशी भीती हर्स्टनने बोलून दाखविली होती, ते तिच्यावरच आले होते.

हर्स्टनचे उदाहरण भगिनीसंघांची मर्यादाही दाखविते. नाव पटावर असणे आणि थडग्याला दगड मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विधी करावयास कोणी जवळ असावे लागते, मृत्यूची वार्ता पोहोचावी लागते, आणि जाणाऱ्या व्यक्तीचा आपल्या माणसांशी संबंध राहिलेला असावा लागतो. दुसरीही एक मर्यादा आहे. ज्या काळात कृष्णवर्णीय मुलीने महाविद्यालयात जाणे हेच दुर्मीळ होते, त्या काळात हे संघ मूठभरांचे होते. हॉवर्डमधीलच समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांनी 'ब्लॅक बूर्झ्वाझी' या १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, अशा संघटना आपल्या सभासदांना प्रतिष्ठेच्या व दिखाऊपणाच्या मागे लावतात, अशी कठोर टीका केली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. शेतमजुरी करणाऱ्या, अक्षरशत्रू राहिलेल्या लक्षावधी स्त्रियांची नावे कोणत्याही ओमेगा शाखेत नाहीत. तथापि संघांनी आपले दार पुढे थोडे रुंद केले, हेही नमूद करावयास हवे. मिसिसिपीतील फॅनी लू हेमर ही कापूस वेचणाऱ्या कुटुंबातील, शाळेत जेमतेम सहावीपर्यंत गेलेली स्त्री. मतदानाच्या हक्कासाठी तिने तुरुंगात मार खाल्ला. डेल्टाने तिला सन्माननीय सभासद करून घेतले. १९७७ साली ती वारली, आणि आज तिची गणना त्या संघाच्या थोर दिवंगतांत होते.

या दिवंगतांपैकी एकीचा संबंध भारताशीही आला होता. डोरोथी हाइट यांना १९२९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात प्रवेश मिळाला असता महाविद्यालयाने त्यांना परत पाठविले. वर्षाला दोन कृष्णवर्णीय मुली घेण्याचा तेथील दंडक होता आणि त्या दोन जागा भरल्या होत्या. हाइट यांनी दुसऱ्या विद्यापीठात शिक्षण पुरे केले आणि समाजकार्याला वाहून घेतले. १९४७ ते १९५६ या काळात त्या डेल्टा सिग्मा थीटाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. याच अवधीत, १९५२ साली, दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयात त्यांनी अभ्यागत प्राध्यापक म्हणून अध्यापन केले. स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षे झालेल्या या देशात नव्या पिढीचे समाजसेवक घडत होते, त्यांच्या शिक्षणाला असा एक हात अमेरिकेतील कृष्णवर्णीय भगिनीचा लागला आहे. पुढे चाळीस वर्षे त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचे नेतृत्व केले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात त्या व्यासपीठावर होत्या, परंतु बोलण्याची संधी त्यांना दिली गेली नाही. २० एप्रिल २०१० रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि त्या दिवशी राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आला. देशाने हा मान दिला, तरी भगिनींच्या पटावर त्यांची नोंद इतर कोणाही सभासदेसारखीच झाली.

स्मरणाचा आणखी एक प्रकार या संघांनी जोपासला आहे. तो म्हणजे दिवंगत ज्या वाटेने गेल्या त्या वाटेने पुन्हा चालणे. डेल्टाची स्थापना होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते, तेव्हा ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया रस्त्यावरून स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी मिरवणूक निघाली. संस्थापक तरुणी त्यात सामील झाल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे असा आग्रह काही गौरवर्णीय स्त्रियांनी धरला होता, तरी त्या गेल्या. संघाचे ते पहिले सार्वजनिक कार्य. १९८१ साली त्याच रस्त्यावरून सुमारे दहा हजार डेल्टा भगिनी पुन्हा चालल्या. त्यांच्या अग्रभागी मूळच्या बावीस जणींतील बर्था पिट्स कॅम्बेल होत्या. त्या वेळी त्यांचे वय ९२ होते. कॅम्बेल १९९० मध्ये वारल्या. २०१३ साली शताब्दीनिमित्त भगिनी तोच मार्ग पुन्हा चालल्या, तेव्हा मूळच्या बावीसपैकी एकही हयात नव्हती. सर्वच ओमेगा शाखेत गेल्या होत्या.

दरवर्षी जानेवारी महिन्यात हॉवर्डमध्ये स्थापन झालेले हे तिन्ही संघ आपापला स्थापनादिन पाळतात आणि संस्थापक स्त्रियांचे स्मरण करतात. ज्यांची नावे घेतली जातात, त्यांतील पुष्कळ जणींचे चरित्र कोणी लिहिलेले नाही. त्या शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, ग्रंथपाल होत्या. जनगणनेच्या तक्त्यात ज्यांच्या पणजीसाठी केवळ वयाचा रकाना होता, त्यांचे नाव दरवर्षी एकदा मोठ्याने उच्चारले जाते आणि पटावर ते तसेच राहते. या स्मरणाने मागील अन्याय पुसला जात नाही. पुढे मात्र कोणतीही भगिनी निनावी जाऊ नये, एवढी जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली आहे आणि शंभराहून अधिक वर्षे ती निष्ठेने पाळली आहे.